फोनवरून उडवायचा चार्ज: क्वांटम अल्टिमीटर आणि रॉकेटची ग्राउंड टेस्ट, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या हिवाळ्यापासून माझ्या चार इंची फायबरग्लास रॉकेटमध्ये एगटाइमर क्वांटम हा अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजणारं छोटं सर्किट, आहे. उड्डाणातलं त्याचं काम हौशी मंडळींना ठाऊक आहे. हवेच्या दाबावरून तो शिखर ओळखतो, तिथे छोटं पॅराशूट, म्हणजे ड्रोग, बाहेर काढतो आणि खाली येताना ठरवलेल्या उंचीवर मोठं, म्हणजे मेन. हे काम चोख करणारे अल्टिमीटर बाजारात बरेच आहेत. मी हा घेतला तो ग्राउंड टेस्टसाठी, म्हणजे पॅराशूट बाहेर काढणारा पावडरचा चार्ज उड्डाणाआधी जमिनीवरच उडवून बघण्यासाठी, आणि लिहितेय तेही त्याबद्दलच.

इथे इलिनॉयमध्ये मक्याची कापणी झाली की शेतं मोकळी होतात आणि आमचे लाँच सुरू होतात. त्याआधी ग्राउंड टेस्ट सगळेच करतात. नेहमीची रीत अशी: रॉकेट आडवं ठेवायचं, व्हेंटच्या भोकातून लांब वायर बाहेर काढायची, ती लाँच कंट्रोलरला जोडायची आणि बटण दाबायचं. ई-मॅच, म्हणजे विजेने पेटणारी काडी, पेटते, ब्लॅक पावडर उडते, रॉकेट उघडतं, सगळे खूश. पण यात तपासलं गेलं काय? फक्त पावडर आणि शिअर पिना, म्हणजे रॉकेटचे भाग धरून ठेवणाऱ्या आणि चार्जच्या जोराने तुटणाऱ्या पिना. ई-मॅच पेटवणारा करंट आला बाहेरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून. उड्डाणाच्या दिवशी ते काम एव्ही बेमधल्या (अल्टिमीटरच्या कप्प्यातल्या) छोट्या लिपो बॅटरीला करायचं असतं, आणि वाटेत स्क्रू टर्मिनल, स्विच, बल्कहेडमधून (कप्पा बंद करणाऱ्या चकतीतून) जाणारी वायर असं बरंच काही असतं. त्यातल्या कशाचीच परीक्षा झालेली नसते.

क्वांटमला स्वतःचं वाय-फाय आहे. फोन त्या नेटवर्कला जोडला की ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं. वेगळं ॲप लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. ड्रोग आणि मेन अशा दोन्ही चॅनेलची कंटिन्युइटी, म्हणजे ई-मॅचपर्यंतचं सर्किट अखंड आहे की नाही, तिथेच दिसते, आणि तिथूनच ड्रोगचा किंवा मेनचा चार्ज उडवता येतो. म्हणजे रॉकेट उड्डाणाला तयार करतो तसंच पूर्ण बांधायचं, पिना लावायच्या, स्विच फिरवायचा आणि लांब जाऊन उभं राहायचं. बाहेर एकही वायर नाही. चार्ज उडाला तर बॅटरीपासून पिनेपर्यंतची सगळी साखळी एकदम तपासून होते. मला यातच पैसे वसूल वाटले.

घेण्याआधी एक माहीत असू द्या: हा किट स्वरूपात येतो. बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारे बारीक एसएमडी भाग स्वतः सोल्डर करायचे असतात. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स आणि भिंग हाताशी ठेवा. हात बसलेला नसेल तर आधी एखाद्या सरावाच्या बोर्डवर बसवून घ्या.

आता पावडरचा हिशेब. आपण सगळं मेट्रिकमध्ये शिकलेलो, पण इथे नळी इंचात, पॅराशूट फुटात, जोर पाउंडात आणि पावडर मात्र ग्रॅममध्ये. 15 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब हवा असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले लांबी गुणिले 0.006, दोन्ही मापं इंचात. उत्तर ग्रॅममध्ये येतं. माझ्या मेनच्या कप्प्याचा व्यास 4 इंच, लांबी 18 इंच, म्हणून 1.73 ग्रॅम एफएफएफएफजी, म्हणजे बारीक दाण्याची, पावडर. चार इंची बल्कहेडचं क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस इंच, त्यामुळे 15 पीएसआयला जोर होतो सुमारे 188 पाउंड. नोज कोन, म्हणजे रॉकेटचं टोक, अडवायला मी 2-56 मापाच्या तीन नायलॉन पिना लावते. एक पिन तीस पाउंडांच्या आसपास तुटते असं धरलं तर नव्वद पाउंड तिथेच जातात. उरलेल्या जोरात कोन सुटून पॅराशूट ओढून न्यायला हवं.

कागदावर हे छान बसतं. प्रत्यक्षात कपलरच्या, म्हणजे दोन नळ्या जोडणाऱ्या आतल्या नळीच्या, फटीतून गॅस निसटतो, आणि पावडर सैल बांधली असेल तर ती पूर्ण जळतच नाही. म्हणून पावडरवर सेल्युलोजचा बोळा ठासून वरून टेप घट्ट गुंडाळायची. चाचणीनंतर नळीत टॉर्च मारून बघा. न जळलेले काळे दाणे दिसले तर बांधणी सैल होती, पावडर वाढवून उपयोग नाही.

मेनच्या एका चाचणीबद्दल सविस्तर सांगते. चार्ज उडाला, तिन्ही पिना स्वच्छ कापल्या गेल्या, नोज कोन दणक्यात पुढे गेला. लांबून बघणाऱ्याला चाचणी यशस्वी. जवळ जाऊन पाहिलं तर शॉक कॉर्ड, म्हणजे कोन आणि रॉकेट बांधून ठेवणारी दोरी, पूर्ण ताणलेली आणि पॅराशूट नळीतच. नोमेक्सच्या, म्हणजे आग न लागणाऱ्या, कापडात ते विड्यासारखं गच्च बांधलेलं होतं, आणि कॉर्डवरची त्याची गाठ एव्ही बेच्या बाजूला होती, त्यामुळे कोनाने ओढली ती नुसती मोकळी कॉर्ड. पावडर वाढवली असती तरी कोनच आणखी जोरात गेला असता. मी गाठ कोनाच्या जवळ घेतली, नोमेक्सची घडी सैल केली आणि तेवढ्याच पावडरवर पुन्हा उडवलं. या वेळी कोनाच्या मागोमाग पॅराशूट सरळ बाहेर आलं आणि गवतावर पसरलं. कोन निघाला म्हणजे झालं, असं समजून कुणी चाचणी आटोपती घेऊ नका. पॅराशूट बाहेर आलंच पाहिजे.

थंडीचा अनुभवही लिहिण्यासारखा आहे. गॅरेजमध्ये सहज सरकणारा कपलर शून्याखाली रात्रभर बाहेर ठेवला की वेगळाच बसतो. लिपोही थंडीत मलूल होते. त्यामुळे जानेवारीत उडवायचं तर चाचणीही गारठलेल्या रॉकेटवरच करते. बाहेरच्या बॅटरीने केलेल्या चाचणीत थंड लिपोचा प्रश्न कधी समोर आलाच नसता.

फोनबद्दल एक तक्रार आहे. या नेटवर्कवर इंटरनेट नाही हे कळताच माझा फोन परस्पर मोबाइल डेटावर जातो आणि पान अडकतं. चाचणीच्या वेळी मोबाइल डेटा बंद ठेवला की त्रास संपतो. फायबरग्लास आणि पुठ्ठ्यातून सिग्नल नीट येतो. कार्बन फायबरची नळी असेल तर रेडिओ लहरी अडतात, तिथे हा मार्ग धरू नका. ई-मॅचबद्दलही सांगते: एका विक्रेत्याकडून आलेल्या पाकिटात काहींची कंटिन्युइटीच नव्हती. तेव्हापासून पावडर भरण्याआधी प्रत्येक ई-मॅच मीटरवर तपासते.

सुरक्षिततेत तडजोड नको. मोटरच्या जागी रिकामी केसिंग आणि जरूर तेवढं वजन. भरलेली मोटर चाचणीच्या जवळपासही नको. रॉकेटच्या पुढे किंवा मागे कुणी उभं राहायचं नाही, सगळे बाजूला आणि लांब. डोळ्यांवर गॉगल. स्विच फिरवला की चार्ज कधीही उडू शकतो असंच धरायचं. चार्ज उडाला नाही तर आधी थांबायचं, मग बाजूने जाऊन स्विच बंद करायचा आणि त्यानंतरच बाकी कशाला हात लावायचा.

जमिनीवर कळत नाहीत अशाही गोष्टी आहेत. दाब मोजून शिखर ओळखण्याचं काम या चाचणीत होतच नाही, कारण चार्ज आपण हुकमाने उडवतो. त्यासाठी मी एव्ही बे हवाबंद डब्यात ठेवते, ई-मॅचच्या जागी ख्रिसमसच्या माळेतले छोटे दिवे लावते आणि पंपाने हळूहळू हवा काढते. हवा परत आत सोडताना आधी ड्रोगचा दिवा लागतो, मग मेनचा. ड्रोग उघडतानाचा झटका मात्र जमिनीवर अजिबात कळत नाही. त्या झटक्याने नोज कोन निसटून मेन शिखरावरच उघडू नये, यासाठीच तर पिना असतात. खूप उंचीवर विरळ हवेत ब्लॅक पावडर नीट जळत नाही, तिथे सीओटूच्या सिलिंडरवर चालणारी यंत्रणा वापरतात. माझी रॉकेटं तितकी उंच जात नाहीत.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या रॉकेट टीममधली मुलं अधूनमधून विचारतात, हेच तिकडे करता येईल का? अल्टिमीटर, वाय-फाय आणि दिव्यांची चाचणी खुशाल करा. पावडरला हात लावण्याआधी मात्र स्फोटकांचे नियम बघणाऱ्या पेसोकडून काय चालतं ते लेखी समजून घ्या. त्यांचं मुख्यालय नागपूरलाच आहे. तोवर स्प्रिंगने किंवा दाबलेल्या हवेने कोन उघडायची रचना करून बघा. पॅराशूट कोनामागे बाहेर येतं की नळीत अडकतं, हे त्यातही तपासता येतं.

माझ्या दुसऱ्या रॉकेटमध्ये दोन अल्टिमीटर बसवते आहे, दोघांच्या बॅटऱ्या, स्विच आणि चार्ज वेगळे. बॅकअपचा चार्ज पाव हिश्शाने मोठा आणि शिखरानंतर एका सेकंदाने. आधी लहान चार्ज एकटा तपासणार, मग मोठा एकटा, म्हणजे मोठ्याच्या जोराने कॉर्डची शिवण टिकते का तेही दिसेल.