बाइट अ‍ॅरे हातात आहे: स्ट्रिंग करायची की मेमरीस्ट्रीम?

सी-शार्पमध्ये काम करताना अपलोड झालेली फाइल असो की डेटाबेसमधला ब्लॉब (कच्चे बाइट साठवणारा) कॉलम, बऱ्याचदा हातात पडतो तो बाइट अ‍ॅरे. म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची रांग. तिची स्ट्रिंग (मजकूर) करायची, की ती मेमरीस्ट्रीममध्ये (मेमरीतला डेटा फाइलसारखा क्रमाने वाचू देणारा प्रकार) घालायची? आधी एवढंच बघा: आत मजकूर आहे का? नसेल, तर स्ट्रिंगच्या वाटेला जाऊच नका.

पीएनजी चित्राचा पहिला बाइट असतो १३७. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची रूढ पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) या बाइटने कुठलंच अक्षर सुरू होत नाही, पण बाइटची स्ट्रिंग करणारं गेटस्ट्रिंग तक्रार करत नाही. मुकाट्याने तिथे एक बदली अक्षर बसवतं. त्याच स्ट्रिंगचे पुन्हा बाइट काढले, की त्या एकाच्या जागी २३९, १९१, १८९ असे तीन येतात. चित्र कामातून गेलं, आणि एक्सेप्शनही नाही! जेसनमधून (मजकुराच्या रूपात डेटा पाठवायचा फॉरमॅट) बायनरी पाठवणं भागच असेल, तर बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करा. आकार साधारण ३३ टक्के फुगतो, पण डेटा जसाच्या तसा परत मिळतो.

मजकूर छोटा असेल, म्हणजे टोकन किंवा कॉन्फिग वगैरे, तर सरळ स्ट्रिंग करा. डीबगरमध्ये वाचता येते, हे सुख मोठं आहे. कोणतं एन्कोडिंग, ते मात्र कोडमध्ये स्वतः नमूद करा. एन्कोडिंग.डिफॉल्ट जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर विंडोजचं कोडपेज (त्या मशीनच्या सेटिंगनुसार ठरणारं एन्कोडिंग) धरतं आणि डॉटनेट कोअरवर यूटीएफ-८, त्यामुळे तोच कोड दोन ठिकाणी दोन उत्तरं देऊ शकतो.

मजकूर मोठा असला की पारडं फिरतं. डॉटनेटची स्ट्रिंग आतून यूटीएफ-१६ असते, यूटीएफ-८ मध्ये एक बाइट घेणारं इंग्रजी अक्षर तिथे दोन घेतं, म्हणून ५० एमबीच्या इंग्रजी सीएसव्हीची स्ट्रिंग १०० एमबीच्या घरात जाते, वर मूळ अ‍ॅरे मेमरीत आहेच. (देवनागरीत उलटं: ‘मराठी’ यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट, स्ट्रिंगमध्ये १०.) मेमरीस्ट्रीमला तयार अ‍ॅरे दिला तर ती कॉपी करत नाही, त्याच अ‍ॅरेवर काम करते. वर स्ट्रीमरीडर (स्ट्रीममधले बाइट मजकूर म्हणून वाचणारा) लावून ओळीओळीने वाचा. सुरुवातीचा बीओएमही (एन्कोडिंग सांगणारे खुणेचे बाइट) तोच काढून टाकतो, गेटस्ट्रिंग काढत नाही.

सॉकेटवरून तुकड्यांनी येणाऱ्या डेटावर तर प्रत्येक तुकड्याला गेटस्ट्रिंग लावणं मला अजिबात पटत नाही. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. तुकडा मध्येच तुटला की अक्षराचा चुराडा, आणि नुसत्या इंग्रजी डेटावर टेस्टिंग केलं तर हे कधी दिसतही नाही. नेटवर्कच्या स्ट्रीमवर थेट स्ट्रीमरीडर लावला, तर तो अर्धे बाइट पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवतो.

मेमरीस्ट्रीमच्याही खोड्या आहेत. तयार अ‍ॅरेवर बांधलेली स्ट्रीम वाढत नाही. लिहून झाल्यावर पोझिशन शेवटी राहते. ती शून्यावर न आणता वाचलं तर हाती काही लागत नाही. आणि टूअ‍ॅरे म्हटलं की नवी कॉपी आलीच.

यूटीएफ-८ मधलं जेसनच वाचायचं असेल, तर दोन्ही नकोत. सिस्टम.टेक्स्ट.जेसनचा डीसीरियलाइझ थेट बाइटच घेतो.