'चूल' आणि 'ओसरी': शाकाहारी ग्रुप दोन भागांत केल्यावरचे नऊ महिने

आमचा शाकाहारी स्वयंपाकाचा व्हॉट्सॲप ग्रुप नागपुरातला. लेकीसुना पुण्या-बंगळूरला गेल्या, तरी ग्रुप सोडत नाहीत. गेल्या पोळ्याला मी, ॲडमिन म्हणून, त्याची कम्युनिटी केली आणि आत दोन ग्रुप ठेवले. पाककृतींसाठी 'चूल', गप्पांसाठी 'ओसरी'. कारण आधी सगळं एकाच ग्रुपवर चालायचं. महालक्ष्म्यांच्या आधी कुणी आंबिलीचं प्रमाण विचारायचं, कुणी मनापासून सांगायचं, आणि तासाभरात ते गुड मॉर्निंगची फुलं, लाइट गेल्याची बातमी, गोकुळपेठेतले भाजीचे भाव यांच्याखाली गाडलं जायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न.

पहिले दोन-तीन महिने मी फार कडक होते. चुलीवर जरा इकडचा तिकडचा शब्द पडला की लगेच "हे ओसरीवर टाका". चूल स्वच्छ झाली, पण विझायलाही आली. दिवाळीनंतरच्या महिन्यात जेमतेम चार पाककृती आल्या. त्यातल्या दोन नुसत्या फॉरवर्ड.

त्याच सुमारास नागपूरच्या महाल भागातल्या एका मावशींनी चुलीवर लिहिलं, "आज गोळाभात केला. यांना आता चणाडाळ सोसत नाही, म्हणून मुगाचे गोळे केले. दोन घास जास्त जेवले." मी त्यांनाही ओसरीवर पाठवलं. त्यांनी मेसेज पुसला आणि पंधरा दिवस कुठेच काही लिहिलं नाही. शेवटी मी घरी गेले. त्यांनी राग धरला नव्हता. "मले वाटलं, माह्यं काही चुकलं," एवढंच म्हणाल्या. ते ऐकून मला फार लागलं.

मग चहा ठेवता ठेवता त्यांनी सगळं सांगितलं. भरड रव्यासारखीच ठेवायची, पीठ झालं की गोळा घट्ट होतो. तिखट, हळद, हिंग, जिरं, थोडं तेलाचं मोहन, आणि पाणी शिंपडण्यापुरतंच. भात अर्धा शिजला की गोळे वर ठेवून झाकण घालायचं. वाढताना गोळा भातात कुस्करून वर हिंग-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी, सोबत चिंचेचं सार. नवऱ्याच्या पोटासाठी बदललेली ही अख्खी पाककृती होती, आणि मी ती गप्पा समजून चुलीवरून उठवून लावली होती.

तेव्हापासून चुलीवर पदार्थाआधी "कुणासाठी, कशासाठी" हे लिहायची पूर्ण मुभा आहे. आणि ओसरीवरच्या गप्पांत एखादा पदार्थ निघाला, तर तो नीट लिहून चुलीवर आणायची पाळी दर रविवारी एकेकीची असते. माझ्या मते ग्रुप टिकला तो या पाळीमुळे. सांगणारीला लिहायचा त्रास नाही, आणि लिहिणारी दहा प्रश्न विचारते, त्यामुळे "अंदाजे मीठ" हे वाटी-चमच्यात येतं.

एक चूक मात्र माझीच. फोन भरतो म्हणून ओसरीवर मेसेज सात दिवसांनी आपोआप जातील असं मी लावलं होतं. एका रविवारी पाळी चुकली आणि कोहळ्याच्या बोंडांवरची छान चर्चा कायमची गेली. आता तो अवधी 90 दिवसांचा केला आहे.

शोध लागण्यासाठी पहिल्या ओळीत पदार्थाचं नाव देवनागरीतच लिहायचं ठरवलं. रोडगे कुणी इंग्रजी अक्षरांत तीन तऱ्हेने लिहिलं, तर सापडणार कसं? दुसऱ्या ओळीत कांदा-लसूण आहे की नाही, कारण आमच्याकडे चातुर्मास पाळणाऱ्याही आहेत आणि जैन मैत्रिणीही. केकमध्ये अंडं चालेल का, यावर वाद फार झाले. अंड्याचं काहीही चुलीवर नाही, हे आता पक्कं आहे.

आपले शब्द बाहेरच्यांसाठी उलगडून लिहावे लागतात, हेही कळलं. पुण्यातल्या एका सुनेने सांभारवडीत सांबार मसाला घातला होता. आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे तिला कोण सांगणार? आता "सांभार (कोथिंबीर), दोन जुड्या" असं लिहितो. सारणात सुकं खोबरं, खसखस, तीळ किती, तेही मोजून.

अजून सुटलेलं नाही ते वयस्क बायकांच्या व्हॉइस मेसेजचं. त्यांना टाइप करायला लावणं मला पटत नाही, आणि आवाजातली पाककृती नंतर शोधता येत नाही. म्हणून ज्यांची पाळी, त्यांनी ऐकून उतरवायची. वेळ लागतो.

सध्या ओसरीवर दोन दिवस कुरडयांच्या गव्हाचा चीक चालू आहे. गहू तीन दिवस भिजवायचे यावर सगळ्यांचं एकमत, पण चीक किती घट्ट झाला की उतरवायचा, यावर नाही. या रविवारची पाळी माझी आहे. महालातल्या मावशींचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज तिसऱ्यांदा ऐकते आहे. मध्येच काकांच्या तब्येतीचंही आहे, तेही लिहून घेते आहे.