बीएलडीसी मोटरचा छताचा पंखा: वीज नेमकी कुठे वाचते?

‘निम्म्याहून कमी वीज’ हा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी, म्हणजे ब्रश नसलेली डीसी मोटर असलेल्या) पंख्यांबाबतचा दावा मी बसवलेल्या १२०० मिलिमीटरच्या पंख्यापुरता तरी खरा ठरला. पूर्ण वेगात तो सुमारे ३० वॉट घेतो. याच मापाच्या साध्या पंख्याला साधारण ७० ते ७५ वॉट लागतात. हा फरक मुख्यतः मोटरच्या रचनेतून येतो.

साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्या स्थिर भागातील दोन वाइंडिंगपैकी (तारेच्या वेटोळ्यांपैकी) एकाला कपॅसिटर जोडलेला असल्यामुळे दोन्हींतील प्रवाह मागेपुढे होतात आणि फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, स्वतःचे चुंबक नसते. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत या क्षेत्रामुळे प्रवाह निर्माण होतो, आणि तो टिकण्यासाठी रोटरला क्षेत्राच्या मागेच राहावे लागते. १४ ध्रुवांच्या मोटरमध्ये ५० हर्ट्‌झला क्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेते, पंखा मात्र त्याहून कमी. रेग्युलेटरने वेग क्षेत्राच्या निम्म्यावर आणला, तर रोटरपर्यंत पोहोचलेल्या शक्तीपैकी अर्धी शक्ती रोटर तापण्यातच वाया जाते.

बीएलडीसी मोटरच्या रोटरवर कायमची चुंबके बसवलेली असतात. सर्किट घरातील एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) विजेचे डीसीत (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत) रूपांतर करते आणि रोटरची स्थिती ओळखून वाइंडिंगना आळीपाळीने प्रवाह देते, त्यामुळे रोटर क्षेत्राच्या बरोबरीने फिरतो आणि मागे पडण्यातला तोटा उरतच नाही. म्हणूनच मंद वेगात हा पंखा जेमतेम काही वॉटवर चालतो. माझ्या मते त्याचा खरा गुण हाच. व्होल्टेज थोडे उतरले तरी वेग ढळत नाही, हेही समाधानकारक. सुरू होताना पाती क्षणभर उलट हलतात, पण तो बिघाड नव्हे: थांबलेल्या रोटरची स्थिती सेन्सरशिवाय कळत नाही, म्हणून सर्किट त्याला आधी ठरावीक जागी आणते.

उणीव सर्किटचीच आहे. साध्या पंख्याचा कपॅसिटर कोणताही इलेक्ट्रिशियन बदलून देतो. येथे बहुधा त्या कंपनीचा अख्खा बोर्डच शोधावा लागतो. जुना रेग्युलेटरही काढून टाकावा लागतो, आणि रिमोट हरवला की गैरसोय होते ती वेगळीच.

दिवसभर मध्यम वेगात पंखा चालणाऱ्या खोलीसाठी मी याची निःसंकोच शिफारस करेन. क्वचित वापरल्या जाणाऱ्या खोलीत साधा पंखा पुरेसा आहे. खरेदीपूर्वी वॉरंटीत मोटरबरोबर सर्किटचाही स्पष्ट उल्लेख आहे का, हे अवश्य पाहावे.