कॉन्टॅक्टर बदलायचाय: साधी कॉइल की इलेक्ट्रॉनिक?

साडेसात एचपीच्या मोटरचा स्टार्टर उघडला, आतल्या कॉन्टॅक्टरचे (कॉइलच्या चुंबकानं मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) कॉन्टॅक्ट पार खाल्लेले. आता साध्या एसी कॉइलचाच बसवायचा, की 100 ते 250 व्होल्टवर चालणारा इलेक्ट्रॉनिक कॉइलचा? मोटर 415 व्होल्टला साधारण 11 अँपिअर घेते, तेव्हा एसी-3 चा, म्हणजे मोटरच्या लोडचा, आकडा निदान 12 हवा. 18 घेतला तर निवांत. बॉडीवरचा 25 किंवा 32 बहुधा एसी-1 चा, म्हणजे हीटरसारख्या लोडचा असतो. त्याला भुलू नका.

साध्याची बाजू लंगडी नाही. स्वस्त आहे, कुठल्याही दुकानात मिळतो, बऱ्याच मॉडेलला नुसती कॉइल बदलता येते. 415 ची कॉइल दोन फेजवर चालते, न्यूट्रल लागत नाही. मोहोळ-माढ्याकडे शेतपंपावर तीनच तारा आल्या असतील तर हाच घ्या. अर्थिंगलाच न्यूट्रल करायचा उद्योग मात्र नको, पंपाच्या पाइपला करंट उतरेल.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एखाद्या कापड कारखान्यात मात्र त्याची घरघर डोकं उठवते. सुताचा बारीक कचरा मॅग्नेटच्या दोन तोंडांत जाऊन बसतो. त्यात संध्याकाळचं व्होल्टेज. कॉइल ओढण्याची हमी 85 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 353 व्होल्टपर्यंतच. कोर, म्हणजे कॉइल ओढते तो मॅग्नेटचा भाग, अर्धवट बसला की कॉइल ओढतेवेळचा जादा करंट घेतच राहते आणि जळते. तडतडायला लागला तर आणखी वाईट: दर वेळी सुरुवातीचा सहा-सात पट करंट तोडायचा-जोडायचा, शेवटी कॉन्टॅक्ट चिकटतात आणि स्टॉप दाबूनही मोटर थांबत नाही. तोंडं कोरड्या फडक्यानं पुसली की काही दिवस गप्प बसतो. ग्रीस लावू नका, कचरा जास्त धरतो आणि कोर सुटायला उशीर करतो. शेडिंग रिंग (मॅग्नेटच्या तोंडावरची छोटी धातूची कडी) तुटलेली असेल तर पुसूनही आवाज जाणार नाही.

इलेक्ट्रॉनिकला ही कटकट नाही. फेज-न्यूट्रलमधल्या 240 चे 180 झाले तरी कोर घट्ट. अर्थात, खोट तिथेच आहे. व्होल्टेज 80 टक्क्यांवर आलं की मोटरचा टॉर्क 64 टक्क्यांवर येतो; साधा निदान कुरकुरून सांगतो, हा मुकाट्यानं धरून ठेवतो आणि मोटर तापते. म्हणून लो-व्होल्टेज आणि फेज फेल्युअरचा रिले कॉइलच्या सिरीजमध्ये हवाच, आणि ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटर बंद करणारा) नेमप्लेटच्या करंटवर लावलेला. हा खर्च आधीच धरा. कॉइल गेली तर बहुतेक वेळा पूर्ण कॉन्टॅक्टरच बदलावा लागतो, हेही आहे.

न्यूट्रल असलेल्या शेडसाठी माझं पारडं तरी इलेक्ट्रॉनिककडेच झुकतं. जोडताना एक सांभाळा: जुन्या 415 च्या स्टार्टरचं कंट्रोल दोन फेजमध्ये असतं. तसंच ए1-ए2 ला (कॉइलची दोन टोकं) दिलं तर पहिल्याच बटणाला कॉइल खलास. ए2 ला न्यूट्रल आणा, ओव्हरलोडचा 95-96 (ट्रिप झाल्यावर उघडणारा कॉन्टॅक्ट) फेजच्या बाजूला सिरीजमध्ये घ्या. जुना ओव्हरलोड दुसऱ्या मेकच्या कॉन्टॅक्टरखाली सहसा बसत नाही, त्यामुळे दुकानात दोन्हींचा भाव एकदमच विचारा.