४ जीबी रॅमचा स्वस्तातला फोन, रोजच्या कामाला कसा आहे

आधीच सांगते, कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, व्हिडिओ, पेमेंट एवढंच काम असेल तर चालतो हा फोन, नीट चालतो. ५००० एमएएचची बॅटरी आहे आणि स्क्रीन ७२० पिक्सेलवालीच, त्यामुळे बॅटरी कमी खाते, सकाळी काढला की रात्रीपर्यंत बघायला लागत नाही. अक्षरं जरा भुरकट दिसतात पण सवय होते. चार्जिंग मात्र १० वॅटचं, म्हणजे पूर्ण भरायला अडीच-तीन तास धरूनच चाला, रात्री लावून झोपा सरळ.

खरा घोळ स्टोरेजचा आहे. बॉक्सवर ६४ जीबी मोठ्ठं लिहितात पण ते ईएमएमसी, म्हणजे स्वस्तातलं स्लो स्टोरेज, आहे हे बारीक अक्षरात, आणि हे ईएमएमसी एका वेळी एक तर वाचतं नाहीतर लिहितं, यूएफएस म्हणजे वेगवान स्टोरेज, त्याच्यासारखं दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून मागे अ‍ॅप अपडेट होत असलं की पुढे कीबोर्डसुद्धा अडकत अडकत उघडतो. त्यात ‘४ अधिक ४ जीबी रॅम’ म्हणून जे मिरवतात ना, ते वरचे ४ याच स्लो स्टोरेजमधून घेतलेले! मी बंदच करून टाकलं, काही फरक पडला नाही.

कॅमेरा उजेडात ठीक, रात्री चिखल. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा, फक्त मोजायला. आलेली फालतू अ‍ॅप्स पहिल्या दिवशीच काढा, आणि जमलं तर थोडे जास्त घालून ६ जीबी रॅमचा, यूएफएसवालाच बघा.