लेफ्टनंट गव्हर्नरचा रकाना रिकामा सोडायचा का? न्यू जर्सी विरुद्ध टेक्सास

माझी मावसबहीण न्यू जर्सीतल्या एडिसनला बारा वर्षं काढून आता टेक्सासमध्ये डॅलसच्या बाजूला फ्रिस्कोला शिफ्ट झालीय. परवा फोनवर म्हणाली, "ताई, शेजारीण सांगत होती इकडे लेफ्टनंट गव्हर्नरला वेगळं मत द्यावं लागतं, जर्सीत मी गव्हर्नरला मत दिलं होतं तेव्हा तर असलं काही नव्हतं, नाही दिलं तर चालतं का?" आता चालतं म्हणजे चालतंच, कोणी पकडून नेणार नाही. पण मतपत्रिकेवरचा तो रकाना रिकामा सोडायचा की नाही हे तू कुठल्या राज्यात उभी आहेस त्यावर आहे.

आधी एक गोंधळ काढून टाकू. आपल्याकडे पेपरात "नायब राज्यपाल" वाचलं की दिल्ली, पुद्दुचेरी, जम्मू-काश्मीर आठवतं. तो केंद्राने पाठवलेला माणूस, त्याला कोणी निवडून देत नाही. अमेरिकेत गव्हर्नर म्हणजे लोकांनी निवडलेला राज्याचा प्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, आणि लेफ्टनंट गव्हर्नर त्याच्या खालोखालचा, राज्याचाच, आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडलेला. उपमुख्यमंत्री म्हणावं तर तेही बसत नाही, कारण उपमुख्यमंत्रीपद आपल्या घटनेत नाहीच, आणि हे पद मात्र तिकडच्या बऱ्याच राज्यांच्या घटनेत लिहिलेलं आहे.

न्यू जर्सीला हे पद 2010 पर्यंत नव्हतंच, हे तिकडे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. गव्हर्नरने मधेच पद सोडलं की सिनेटचा (राज्याच्या विधिमंडळाचं वरचं सभागृह) अध्यक्ष हंगामी गव्हर्नर व्हायचा, आणि गंमत म्हणजे सिनेटची खुर्ची न सोडता, म्हणजे बिल पास करून घेणारा तोच आणि त्यावर सही करणारा पण तोच! 2001 मध्ये गव्हर्नर क्रिस्टी व्हिटमन केंद्र सरकारात काम करायला वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा असंच झालं, आणि पुढे जानेवारी 2002 मध्ये तर कहर, जुन्या सिनेटची मुदत संपली, नव्यात दोन्ही पक्ष 20-20 म्हणून अध्यक्षपद दोघांत वाटलेलं, त्यामुळे 8 ते 15 जानेवारीच्या त्या आठवड्यात गव्हर्नरचा कारभार पाच माणसांच्या हातून फिरला, त्यातले अॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) जॉन फार्मर तर जेमतेम दीड तास. 2004 मध्ये पुढचे गव्हर्नर मॅकग्रीव्हींनी राजीनामा दिल्यावर पुन्हा तोच खेळ. मग 2005 ला लोकांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि 2010 ला किम ग्वाडॅग्नो पहिल्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या.

पण मत वेगळं नाही. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) जिंकल्यावर गव्हर्नरचा उमेदवार आपला जोडीदार निवडतो आणि दोघं एकाच तिकिटावर. निवडून आल्यावर या जोडीदाराला एखादं खातं द्यावं लागतं, ग्वाडॅग्नो राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट होत्या, त्यांच्यानंतरच्या शीला ऑलिव्हर यांच्याकडे कम्युनिटी अफेअर्स होतं. म्हणजे इथे तुला ठरवायचं असं काही उरतच नाही, फार तर जोडीदार कोण घेतलाय त्यावरून गव्हर्नरच्या उमेदवाराची पारख करायची.

टेक्सास म्हणजे वेगळंच प्रकरण. 1845 मध्ये राज्य झाल्यापासून हे पद आहे, निवडणूक दर 4 वर्षांनी (2018, 2022, 2026), आणि गव्हर्नरपासून एकदम स्वतंत्र. कितीही वेळा उभं राहा, मर्यादा नाही. पगार ऐकून हसशील, वर्षाला 7,200 डॉलर, आमदाराइतकाच. पण ताकद बघ. 31 जणांच्या सिनेटचा अध्यक्ष तो, कमिट्या नेमणार तो, कुठलं बिल कुठल्या कमिटीकडे जाईल ते ठरवणार तो. त्यात नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, 140 दिवसांचं, तेव्हा बिल नुसतं पुढे घेतलं नाही तरी ते आपोआप मेलं. बजेट बोर्डावर पण हाउसच्या (खालच्या सभागृहाच्या) स्पीकरबरोबर हाच बसतो. तुझ्या मुलांच्या शाळेचं फंडिंग, प्रॉपर्टी टॅक्स, जे काय असेल ते याच्या टेबलावरून जातं.

यातली बरीचशी ताकद घटनेतून नाही तर सिनेटच्या स्वतःच्या नियमांतून आलीय. पूर्वी बिल चर्चेला घ्यायला दोन तृतीयांश, म्हणजे 21 सिनेटर लागायचे, डॅन पॅट्रिक 2015 ला लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आल्यावर ते 19 झाले, 2021 ला 18. एवढ्या एका आकड्याने विरोधकांचा ब्रेक निकामी होतो. आणि वेगळं मत म्हणजे वेगळा पक्ष पण येऊ शकतो, 1995 ते 1999 गव्हर्नर रिपब्लिकन जॉर्ज बुश आणि लेफ्टनंट गव्हर्नर डेमोक्रॅट बॉब बुलक होते, आणि दोघांचं चांगलं जमलं.

कॅलिफोर्नियातही मत वेगळंच, पण खरी ताकद कमी, विद्यापीठाच्या बोर्डावर वगैरे बसायचं. फक्त गव्हर्नर राज्याबाहेर गेला की कारभार याच्याकडे, त्यामुळे 1979 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन बाहेर असताना विरोधी पक्षाचे लेफ्टनंट गव्हर्नर माइक कर्ब यांनी जज नेमला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं नेमू शकतो, पण गव्हर्नर परत येऊन ते मागे घेऊ शकतो. अॅरिझोनाने तर 2022 ला मतदान घेऊन हे पद नव्याने आणलंय, ते जर्सीसारखं जोडीचं.

तर माझं मत असं, जर्सीत असतीस तर मी म्हटलं असतं गव्हर्नरचं बघ आणि झोप. टेक्सासला उलटं, एकच संध्याकाळ वेळ असेल तर गव्हर्नरपेक्षा या रकान्यावर घालव. दोन्ही पक्षांचे उमेदवार शाळा आणि टॅक्सवर काय बोलतात ते काढून बघ, बाकी भाषणं सोड.

आणि टेक्सासला 2020 पासून एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देणं बंद झालंय, प्रत्येक रकाना हाताने भरायचा, गव्हर्नरला भरलं म्हणजे खालचं आपोआप भरलं असं होत नाही. रजिस्ट्रेशन मतदानाच्या 30 दिवस आधी व्हायला हवं, जर्सीचे 21 डोक्यात धरून बसू नकोस.