स्टॉलचे ४५,४०० भरले, मैदानावर नुसते बांबू

हस्तकला प्रदर्शनात स्टॉल देतो म्हणून एका आयोजकानं आम्हाला फसवलं. आधी आकडा सांगून टाकते, कारण घरी, गटात, पोलिसांत सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच होता: किती गेले? नोंदणी १,१८०. दहा बाय दहाचा स्टॉल २८,३२०. कोपऱ्यावरचा पाहिजे म्हणून वर ३,५४०. लाइटचे २,३६०. अनामत १०,०००, ही म्हणे शेवटच्या दिवशी रोख परत. झाले ४५,४००. त्यावर टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं १३,००० आणि लॉजचे १,८००. एकूण ६०,२०० रुपये. यातले तीस हजार बचत गटातून शेकडा दोननं उचललेले आहेत आणि त्यांचं व्याज मी अजून भरतेय.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या. गोधड्या, दुपटी, पिशव्या, बटवे शिवतो. जुन्या लुगड्यांचे थर, वर रंगीत ठिगळांची नक्षी आणि कडेपासून मध्यापर्यंत बारीक धावदोरा. डबल बेडची गोधडी २,८०० ला जाते. एका बाईचे त्यात दोन आठवडे सहज मोडतात, मशीनला हातसुद्धा लावत नाही. हे एवढ्यासाठी सांगितलं की ४५,४०० म्हणजे किती गोधड्या, आणि त्या किती जणींच्या बोटांतून आल्या, हे ज्याचं त्यानं मोजावं.

मी या धंद्यात नवखी नाही. ‘बायकांना व्यवहारातलं काय कळतंय’ हे ऐकून कान किटलेत, म्हणून मुद्दाम सांगते. शिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत बसलेय, मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत थंडीत पाल ठोकून माल विकलाय. यात्रेत कसं असतं, आधी जागा दिसते, मग जागेचे पैसे घेणारा दिसतो. तो चिठ्ठी फाडतो, आपण घासाघीस करतो, शंभर-दोनशे कमी होतात. भांडण झालं तरी माणूस समोर उभा असतो. प्रदर्शनवाल्यांचं सगळं उलटं. दोन-दोन महिने आधी पैसे, आणि माणूस फक्त फोनवर.

जाहिरात कशी आली ते लांबवत नाही, तुम्हाला असल्या जाहिराती रोज येतात. ‘राष्ट्रीय हस्तकला व लोककला महोत्सव’, जानेवारीत दहा दिवस, दीडशे स्टॉल, रोज संध्याकाळी गोंधळ, भारूड, बंजारा नृत्य. खाली पुढाऱ्यांचे फोटो. ‘शेवटचे बारा स्टॉल’. बोलणारा गोड. दर वाक्याला ताई. हरियाणातल्या सूरजकुंडच्या हस्तकला मेळ्यात आपलेच मांडव असतात म्हणाला. शहराचं नाव मी लिहीत नाही, संस्थेचंही नाही, वकिलानं तसं बजावलंय. मराठवाड्यात आता पाच महापालिका आहेत, पाचांपैकी कुठल्याही मैदानावर हे होऊ शकतं एवढं धरून चाला.

आता ते पत्र. यावर मी किती रात्री जागून काढल्यात ते माझं मला माहीत.

नोंदणीचे १,१८० भरल्यावर मी थांबले होते, हे कुणी लक्षातच घेत नाही. मी त्याला स्पष्ट म्हणाले, ‘दादा, मैदानाची परवानगी दाखवा, मग पुढचं बोलू.’ म्हणजे मी डोळे झाकून पैसे टाकले नाहीत. पाचच मिनिटांत पत्राचा फोटो आला. संस्थेचं रंगीत लेटरहेड, दोन परिच्छेद, मैदानाचं नाव, तारखा आणि उजव्या कोपऱ्यात महापालिकेचा गोल शिक्का. शिक्क्यात निळ्या पेनानं आवक क्रमांक, तारीख आणि कुणाची तरी वळवळती सही. मी शिक्का बघितला, तारखा जुळवल्या आणि रात्री २८,३२० पाठवून दिले.

त्या पत्राच्या वरच्या बाजूला काय होतं? ‘प्रति, मा. आयुक्त’. आणि खाली सही कुणाची? त्याचीच. ती परवानगी नव्हतीच हो. मैदान द्या म्हणून त्यानंच केलेला अर्ज होता तो. अर्जाची पोच म्हणून आवक-जावकच्या टेबलावर जो शिक्का मारतात तो शिक्का. कोऱ्या कागदावर दोन ओळी खरडून न्या, तुम्हालाही तसाच शिक्का मिळेल, चहा पाजायचीसुद्धा गरज नाही.

आणि मी गटाची सचिव! पंचायत समितीत अर्ज द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा आणि ती फायलीला लावायची, हे काम गावात माझ्याइतकं कुणी केलं नसेल. तसले कागद माझ्या कपाटात गठ्ठ्यानं पडलेत. तरी दिसलं नाही. फोटो तिरका होता, वरची कड अर्धी कापलेली होती, संक्रांतीच्या ऑर्डरी अंगावर होत्या, चष्म्याचा नंबर बदललेला होता. सगळं खरं आहे. आणि सरकारी गोल शिक्का दिसला की आपण पुढचं वाचायचं सोडून देतो, हेही खरं आहे. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. आमच्यासोबत फसलेल्या सगळ्यांकडे तोच फोटो निघाला, त्यात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांनी आयुष्यभर शिक्षणाधिकाऱ्याला अर्ज केले, त्यांनाही दिसलं नाही. मग मी एकटीच कशी मूर्ख?

परवानगीचं पत्र असेल तर ते महापालिकेच्या कागदावर येतं, त्याला जावक क्रमांक असतो आणि सही त्यांच्या अधिकाऱ्याची असते. त्याच्या जोडीला मैदानाचं भाडं भरल्याची पावती मागा. पावती नाही तर मैदान नाही. मालमत्ता विभागात जाऊन विचारता येतं. मी गेले, पण सगळं उरकल्यावर. तिथला क्लार्क रजिस्टर उघडून म्हणाला, ‘अर्ज आलता, पैसे भरायला कोणी आलंच नाही.’ एवढी माहिती तिथं आयती पडून होती.

दुसरी गोष्ट क्यूआरची. स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव यायला पाहिजे होतं, आलं एका बाईचं. मी विचारलं. म्हणाला, त्या आमच्या अकाउंटंट आहेत ताई, ट्रस्टच्या खात्याची आजची लिमिट संपली. यावर मला हसणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा यात्रेत गाळा घेऊन बघावा. तिथं पैसे कधी ठेकेदाराच्या मेहुण्याच्या फोनवर जातात, कधी चहावाल्याच्या. खासगी नाव बघून मी दचकायला पाहिजे होतं म्हणता, आमच्या धंद्यात सगळी नावं खासगीच असतात.

बिलावर जीएसटीचा नंबर होता, अठरा टक्के लावलेला होता. माझा भाचा बी. कॉम.ला आहे, त्यानं तो नंबर नंतर बघितला. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राचा २७. पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, नंबर कुणाचा ते सांगतं. व्यक्ती असेल तर पी, ट्रस्ट असेल तर टी, कंपनीला सी, भागीदारी फर्मला एफ. आमच्या ‘ट्रस्ट’च्या बिलावर पी होता. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर तिसऱ्याच जिल्ह्यातलं हार्डवेअरचं दुकान निघालं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, दोन मिनिटांत दिसतं. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, तेही बघून घ्या.

आम्ही आदल्या दिवशी दुपारी टेम्पो घेऊन पोचलो. मैदानात एका कडेला बांबूंची थप्पी, चार लोखंडी पाइप उभे, त्यावर एकच हिरवं कापड. बाकी पोरं क्रिकेट खेळत होती. आमच्या आधी चार-पाच गाड्या येऊन थांबलेल्या. बीडकडचा घोंगड्यांवाला, पैठणचे साडीवाले, एक लाकडी खेळण्यांचा. मांडववाला बिचारा डोक्याला हात लावून बसलेला. ‘मला इसार वीस हजार दिला अन् बाकीचे मैदानावर देतो म्हणला. सकाळपासून फोनच उचलायला नाही. तुम्ही काय करायलाव इथं?’ असं उलट आम्हालाच विचारलं त्यानं. आम्हाला वाटलं हा त्यांचाच माणूस. मग काय, आरडाओरडा, ओढाताण, घोंगडीवाल्यानं त्याची गचांडी धरली. सगळी दुपार त्याच्यात गेली.

ती दुपार घालवायला नको होती. अनामतीचे १०,००० मी आदल्याच संध्याकाळी पाठवलेले होते. तिथूनच्या तिथून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला असता तर निदान ते तरी कदाचित खात्यात अडकवता आले असते. पैसे जाऊन जितका वेळ कमी तितकी आशा जास्त. फसलात असं वाटलं की आधी १९३०, मग शिव्या. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक सगळं फोनमध्येच असतं. आम्ही फोन लावला दुसऱ्या दिवशी, तोवर खातं धुऊन निघालेलं.

आता पोलिसांचं ऐका. मैदान ज्या हद्दीत, त्या ठाण्यात गेलो. म्हणाले पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडं द्या तक्रार. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात गेलो. म्हणाले घटना तिकडं घडली, तिकडं जा. मधे अडीचशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता आहे, एसटीचं तिकीट कोण देणार? साहेबांनी तर शहाणपण शिकवलं. ‘ताई, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवले. कुणी चाकू लावला होता का? व्यवहार फिसकटला. दिवाणी बाब आहे, वकील करा.’ शेवटी एक तक्रार अर्ज ठेवून घेतला आणि वर मारला काय? आवकचा शिक्का! त्या क्षणी मला हसावं की रडावं कळेना. अर्ज म्हणजे गुन्हा नोंद नव्हे, तेवढं ध्यानात ठेवा. विचारलं की ‘चौकशीवर आहे’. कोण करतंय, कधी करतंय, बीट अंमलदार बंदोबस्ताला, बंदोबस्त संपला की सुट्टीवर, सुट्टी संपली की बदली.

वकिलानं सांगितलं तेव्हा कळलं की १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचं, जुनं ४२०. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडो, कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायचा असतो, हद्दीचं कारण चालत नाही. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवा, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. मैदान मिळणारच नाही हे माहीत असताना त्यानं दीडशे जणांचे पैसे घेतले, याला व्यवहार फिसकटला म्हणतात का? आमच्या करदात्यांच्या पगारावर बसलेल्या माणसाला हे कलम मी, सातवी नापास आईची लेक, वाचून दाखवते. त्यावर तो म्हणतो, ‘जास्त कायदा शिकवू नका.’

बँकेत गेले. पिन तुम्हीच टाकला ना, मग आमचं काम संपलं. महापालिकेत म्हणाले, आमच्या नावाचा गैरवापर झाला असेल तर आम्ही बघू. कधी बघणार? तोच शिक्का वापरून इतक्या लोकांना लुटलं, यांनी साधी एक नोटीस काढली नाही. ग्राहक आयोगाबद्दल एकानं सांगितलं की स्टॉल धंद्यासाठी घेतला म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. तेही अर्धवट ज्ञान. पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणारा २०१९ च्या कायद्यात ग्राहक धरलाय, भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर दाव्याला फी नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून विचारा. माझा दावा टाकलाय, तारीख पडलीय.

आमच्यातल्या काही जणी आता कुठल्याच प्रदर्शनाला जायचं नाही म्हणतात. तसं करू नका. बचत गटांच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या सरस प्रदर्शनाचं तालुक्याच्या कार्यालयातून कळतं, केंद्र सरकारच्या गांधी शिल्प बाजारला पहचान कार्डावर, म्हणजे कारागिराच्या सरकारी ओळखपत्रावर, अर्ज करतात, तिथं कुणी फोनवर क्यूआर पाठवत नाही. खासगी आयोजकसुद्धा सगळे चोर नाहीत. पण सगळे पैसे आगाऊ मागणाऱ्याला सांगा, निम्मे आता आणि निम्मे मांडव उभा राहिल्यावर. खरा असेल तो कुरकुर करत का होईना ऐकतो. ‘उद्या दर वाढणार’ म्हणणाऱ्याला वाढवू द्या. मागच्या वर्षी त्यानं कुठं प्रदर्शन भरवलं ते विचारा आणि तिथल्या दोन स्टॉलवाल्यांचे नंबर मागा. मागितल्यावर तो चिडला तर तिथंच थांबा.

गेल्या आठवड्यात पैठणच्या साडीवाल्यांनी एक नवी जाहिरात पाठवली. संस्थेचं नाव वेगळं, शहर वेगळं, पुढारी वेगळे. नृत्याचे फोटो तेच. अनामत आता १५,००० केलीय. भाच्याच्या फोनवरून मी परवानगी मागितली, तर लगेच गोल शिक्क्याचं पत्र आलं, वर ‘प्रति, मा. आयुक्त’. आमच्या ठाण्यात नेऊन दाखवलं. म्हणाले, अजून कुणी फसलं नाही ना, मग तक्रार कशाची घ्यायची?